पाचशे वर्षांचा राजपार्ट

आधीच सांगून ठेवते: गेन्शिन इम्पॅक्टमधली फोंतेनची कथा ज्यांची अजून खेळून झालेली नाही, त्यांनी इथूनच मागे फिरावं. मी शेवटापर्यंत सगळं फोडणार आहे.

बुधवार, ८ नोव्हेंबर २०२३. ४.२ चं अपडेट. आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे साडेतीनला सर्व्हर बंद झाले आणि सकाळी साडेआठला उघडायचे होते. साडेआठला मी पेडण्याहून म्हापशाला जाणाऱ्या बसमध्ये दांडा धरून उभी होते. लॅपटॉपवर प्री-डाउनलोड सोमवारीच करून ठेवलं होतं. फोनवर केलं नव्हतं, कारण फोनमध्ये जागा करायची म्हणजे आधी फोटो पुसायचे आणि तेवढा उत्साह नव्हता. हा आळस शनिवारी रात्री नडला.

त्यात आठवडा दिवाळीचा. रविवारी नरकचतुर्दशी, म्हणजे शनिवारी रात्री नरकासुर. आमच्या वाड्यावरच्या पोरांनी सांगाडा उभा केला होता: बांबू, लोखंडी पट्ट्या, पोटात सुकं गवत आणि वरून खळीने चिकटवलेले जुने पेपर. माझा चुलतभाऊ रोज रात्री खिडकीतून ओरडायचा, "ताई, पेपर आहेत?" आमच्या घरची दोन महिन्यांची रद्दी त्या असुराच्या मांडीत गेली. "एवढी मोठी झालीस, अजून गेम काय खेळतेस?" हेही त्यानेच विचारलं. कमरेपर्यंत खळीने माखलेला माणूस विचारत होता.

ज्यांना गेन्शिन ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सप्टेंबर २०२० मध्ये आलेला हा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम. खेळायला फुकट, पण हवं ते कॅरेक्टर मिळवायला नशीब किंवा पैसा, दोन्हींपैकी एक लागतं. सात देश, प्रत्येक देशाचं एक दैवत. फोंतेन हा पाण्याचा देश, ऑगस्ट २०२३ मध्ये उघडला. तिथे न्यायालय भरतं ते ऑपेरा हाऊसमध्ये. खटला म्हणजे नाटकाचा प्रयोग, लोक खुर्च्यांवर बसून बघतात, टाळ्या वाजवतात. सर्वांत उंच सज्जात बसते फुरिना, त्या देशाची देवता. नखरेल, बडबडी, केकची शौकीन, प्रत्येक वाक्य टाळी घेण्यासाठीच बोलणारी. आणि देशावर एक भाकीत टांगलेलं: पाणी चढेल, फोंतेनची सगळी माणसं त्यात विरघळून जातील आणि शेवटी आपल्या आसनावर एकटी रडणारी देवता तेवढी उरेल.

या गेममध्ये मुख्य कथेचे भाग ‘अ‍ॅक्ट’ म्हणून येतात. फोंतेनच्या या भाकिताच्या गोष्टीचे अंक पाच, आणि ४.२ मध्ये आला तो पाचवा, शेवटचा. जुनी संगीत नाटकं पाच अंकी असायची, हे मी बाबांना सांगून बघितलं. ते म्हणाले, "मग पहाट होणार म्हणजे."

बाबांबद्दल सांगायला हवं. बाबांचं पेडण्याच्या बाजारात शिवणकामाचं दुकान. पण गावात त्यांची ओळख राजपार्टी म्हणून. आमच्या तालुक्यात दशावताराचं वेड जुनं आहे. दिवाळी उलटली की जत्रांचा मोसम आणि जत्रेच्या रात्री नाटक. बाबांनी हौशी मंडळींबरोबर वीस-बावीस वर्षं हरिश्चंद्र, नल, धर्मराज असे सगळे सज्जन राजे केले. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, प्रवेश ठरतात, बाकी बोलायचं ते उभ्या उभ्या. गुडघ्याने दगा दिल्यापासून दोन वर्षं ते बंद. संध्याकाळी दुकान मिटून आले की खुर्ची माझ्या मागे ओढून बसतात आणि माझा स्क्रीन बघतात. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण डायलॉग सरकायच्या वेगाने नाही. आवाज मी जपानी ठेवते, मजकूर इंग्रजी, आणि बाबांसाठी मोठ्याने मराठी करत जाते. ‘हायड्रो आर्कॉन’चं मी पहिल्याच दिवशी ‘पाण्याची देवी’ करून टाकलं.

बुधवारी रात्री जेवणं उरकून नऊला बसले. सुरुवातच पुराने. प्वासाँ नावाच्या गावात पाणी शिरतं. त्या पाण्याला लागलेला फोंतेनचा माणूस बुडत नाही, विरघळतो; मागे प्रेतसुद्धा राहत नाही. नाव्हिया नावाची मुलगी या गावाची पोशिंदी. तिच्या मागेपुढे कायम असणारे दोघे, मेलुस आणि सिल्व्हर, लोकांना वाचवताना जातात. पहिल्या अंकापासून मी या दोघांकडे टोपी-कोटातली शोभा म्हणून बघत आले होते. गेले तेव्हा कळलं की त्यांची नावं आपल्याला पाठ आहेत.

पाणी ओसरल्यावरच्या त्या गावात मी मिनिटभर नुसतीच उभी राहिले. जुलै २०२१ मध्ये म्हादईचं पाणी सत्तरीत शिरलं तेव्हा मावशीच्या घरी गेले होते. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची सरळ रेघ, जणू पट्टी ठेवून मारलेली. तिच्याखाली कपाटाची फुगलेली दारं. तिच्या वर मात्र कॅलेंडर, गणपतीचा फोटो, सगळं कोरडं, जागच्या जागी. गेमवाल्यांनी ती रेघ काढली नव्हती. मी शोधली.

त्या रात्री तेवढंच झालं. पैमोन नावाची आपली उडती सोबतीण आत्ताच ऐकलेलं सगळं पुन्हा एकदा सांगते आणि तिला गप्प करायचं बटण तेव्हा गेममध्ये नव्हतं. स्किपचीही सोय नव्हती. कथा चांगली असते तेव्हा हे चालून जातं. नसते तेव्हा मी भांडी घासून येते.

गुरुवारी खटला. इथे मला थोडं सावकाश सांगू दे, कारण मी हा गेम तीन वर्षं खेळतेय आणि बटण दाबताना असं अवघडल्यासारखं कधी झालं नव्हतं.

सगळ्यांना संशय आलेला असतो की फुरिनाला भाकिताबद्दल काहीतरी ठाऊक आहे आणि ती लपवतेय. ती लोकांपासून पळते. आपण मागावर. एका घरात ती सापडते, आणि आपण तिला धमकावत नाही, उलट गोड बोलतो: आमच्यावर विश्वास ठेव, मनात काय आहे ते सांग. डायलॉगचे दोन पर्याय समोर येतात. गेन्शिनमध्ये दोन्ही पर्यायांचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो, हे जुन्या खेळाडूंना माहीत आहे. त्यातल्या त्यात मऊ वाटला तो मी निवडला. फुरिना गप्प झाली. ओठ हलले. आता सांगणार असं वाटलं, आणि मग तिने स्वतःला सावरलं.

आणि ते घर घर नव्हतंच. उजेड पडतो, समोर खच्चून भरलेलं ऑपेरा हाऊस, आणि आपण उभे आहोत रंगमंचावर. आपण मघापासून गोड बोललो ते तिला इथे आणण्यासाठी. आता आरोपी तीच, आणि फिर्यादी मी.

बाबा मागून म्हणाले, "हे बरं नाय केलंस."

"मी नाही केलं, कथेत आहे."

"बटण तूच दाबलंस गो."

आरोप असा: तू देवी नाहीसच. पाच शतकं तू सोंग घेतलंस. मग एकेक पुरावा मांडायचा, प्रेक्षक कुजबुजणार, वर सज्जात तिची नेहमीची जागा रिकामी. न्यायासनावर नव्हिलेट, त्याच्या चेहऱ्यावर रेषही हलत नाही. फुरिना हातवारे करते, आवाज चढवते, हसते, लोकांना हसवायला बघते. जुनी सगळी अस्त्रं काढते आणि एकही चालत नाही. मी भाषांतर करता करता थांबले. बाबा म्हणाले, "राहू दे, कळतंय मला."

खटल्याच्या गदारोळातच एका क्षणी तिच्या मनातलं आपल्याला दिसतं. पाचशे वर्षांपूर्वी आरशातल्या तिच्याच प्रतिबिंबाने तिला सांगितलेलं असतं: देवीचं सोंग घे, कुणालाही, कधीही कळू देऊ नकोस, तरच लोक वाचतील. बस, एवढंच. शक्ती नाही, सोबत नाही, किती दिवस तेही सांगितलेलं नाही. साधी मुलगी. दिवसभर लोकांसमोर देवी, आणि दार लावल्यावर एका रिकाम्या खोलीत रडणारी कोणीतरी. रडतानाही कान दाराकडे, कुणी आलं तर?

मी बाबांना हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे हिला रंगपटच नाय."

मला हे सुचलं नसतं. मी ऑनलाइन या अंकावर नंतर पुष्कळ वाचलं, तासतासाचे व्हिडिओ पाहिले. देवत्व, त्याग, नियती, सगळं त्यात होतं. रंगपटाचं कुणी काढलं नाही. बाबांचा हिशेब साधा. राजा रात्रभर राजा असतो, पण प्रवेश संपला की झावळांच्या आडोशाला जाऊन मुकुट काढतो, विडी ओढतो, चहा घेतो, शिव्या देतो. तेवढ्यावर पुढचा प्रवेश निघतो. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असं आमच्याकडे दशावतारी नटाला म्हणतात ते चिडवायला, पण तो बोजाही त्याला हवाच असतो. पहाटे दहीकाला झाला की बाबा घरी येत, मागच्या पडवीत बसून खोबरेल तेलाने तोंड पुसत. सफेदा निघायचा, कानामागे थोडा राहायचाच. मग आंघोळ. मग आई उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा पुढे ठेवायची. दोन घोट पोटात गेले की ते पहिल्यांदा आपल्या आवाजात बोलायचे. त्याआधी ते कुणाशीच बोलत नसत, आणि लहानपणी मला त्या वेळात त्यांची थोडी भीती वाटायची. तेल लावलेला, अर्धा राजा, अर्धा आमचा बाबा.

त्या रात्री त्यांनी मिशीचा किस्सा पुन्हा सांगितला. हरिश्चंद्राचा दरबार भरलेला, घामाने डिंक सुटला आणि मिशीचं एक टोक लोंबायला लागलं. आत जायची सोय नाही, नारद समोर बोलतोय. बाबांनी एक हात मिशीवर ठेवला आणि अख्खा दरबार, पंधरा-वीस मिनिटं, त्याच हाताने गंभीर विचार करत उभे राहिले. लोकांना ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी बाजारात कोण कोण म्हणालं, काय राजा, काय चिंता त्याच्या तोंडावर! "पंधरा मिनिटं," बाबा म्हणाले, "हात भरून आला होता माझा."

शुक्रवारी काही झालं नाही. ऑफिसात उशीर, घरी आल्यावर करंज्या.

शनिवार रात्र. वाड्यावर नरकासुर उभा, डोळ्यांत लाल बल्ब, स्पीकर इतके मोठे की आमच्या खिडकीची काच आपल्या तालावर वाजत होती. मी हेडफोन घालून बसले. यंत्राने निकाल दिला: दोषी, मृत्युदंड. ऑपेरात तराजूसारखं एक अवाढव्य यंत्र आहे, न्यायाधीशाच्या निकालावर शिक्का मारणारं. पाचशे वर्षं ते खटल्यांमधून शक्ती साठवत आलंय, हे आपल्याला आधीपासून माहीत असतं. कशासाठी, ते आता कळतं. खरी देवी, फोकालोर्स, त्या यंत्राच्या आत आहे. तिने स्वतःचे दोन भाग केले. देवत्व यंत्रात लपलं, माणूसपण बाहेर राहिलं, ती फुरिना. साठवलेल्या शक्तीने फोकालोर्सला स्वतःलाच मारायचं आहे, आणि स्वतःबरोबर पाण्याच्या देवतेचं आसनही. म्हणजे त्या आसनात अडकलेला अधिकार मूळ धन्याकडे, जलड्रॅगनकडे परत जाईल. तो धनी म्हणजे नव्हिलेट.

फोकालोर्स एकटी नाचते. वर तलवार लटकलेली, घराएवढी. नव्हिलेट बघत उभा. बाहेर ढोल आणि डीजे. मी हेडफोन दाबून धरले होते. तलवार उतरली.

आणि लाइट गेली.

गोष्ट रंगवायला म्हणून हे लिहीत नाही. वाड्यावरच्या चार जणांना विचारा. सगळा वाडा काळोखात, स्पीकर गप्प, नरकासुराचे डोळे विझलेले, आणि एका क्षणाच्या शांततेनंतर पोरांची एकच बोंब. राउटर बंद पडला. स्क्रीनवर कनेक्शन तुटल्याची पाटी. फोनवर हॉटस्पॉट चालू केला, लॅपटॉप बॅटरीवर. सुदैवाने कथा सर्व्हरवर नोंदली जाते, पण कटसीनचा थोडा भाग पुन्हा बघावा लागला, म्हणजे तलवार पुन्हा उतरली. दुसऱ्यांदा बाबाही शेजारी अंधारात उभे होते, हातात मेणबत्ती.

पुढे देवमासा. आकाश फाडून येणारा प्रचंड प्राणी, त्याच्याशी लढाई. आता ज्यांनी गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर चालवला आहे त्यांना ठाऊक असेल: चार्जर काढला की त्याचा जीव निम्मा होतो. वर हॉटस्पॉटचं पिंग. मी बाण सोडायचे, तो लागायचा तीन श्वासांनी. मासा पाण्यासारखा जमिनीत शिरतो आणि दुसरीकडून उसळतो. माझ्याकडे तो शिरायचा आणि थेट माझ्या डोक्यावरच असायचा, मधलं काही दिसायचंच नाही. तो आपल्याला गिळतोही, पोटात वेगळी लढाई. पोटात गेले आणि बॅटरी सात टक्के. फोनवरून लॉगिन करावं तर फोनवर अपडेटच नाही, आणि ते हॉटस्पॉटवाल्या डेटावर उतरवायचं तर तुळशीचं लग्न उजाडलं असतं. माशाच्या पोटातच लॅपटॉप मिटला.

लाइट पावणेदोनला आली. दीडला आशिया सर्व्हरचा दिवस पालटतो, तो पालटून गेला होता. पुन्हा सुरुवातीपासून. या वेळी कोकोमी या जखमा भरणाऱ्या कॅरेक्टरला पुढे ठेवलं, जखमा भरत राहिले आणि घिसाडघाई न करता मारला. खरं सांगायचं तर माशाचं प्रकरण मला उपरं वाटलं. चार अंक माणसांच्या अपराधाची गोष्ट चाललेली, आणि शेवटी बाहेरून एक जनावर आणून ठोकाठोकी. वर स्कर्क नावाची एक बाई ऐनवेळी उगवते आणि त्या माशाला घेऊन निघून जाते. मी कुरकुरले. बाबांना मात्र काही खटकलं नाही. "शेवटी कुणीतरी यावंच लागतं गो, नायतर पहाट होत नाय." विष्णू अवतरल्याशिवाय ज्यांचं नाटक कधी सुटलं नाही, त्यांच्याशी काय वाद घालणार.

मग पाणी आलंच. भाकीत शब्दशः खरं झालं: पूर चढला, आणि फुरिना आसनावर बसून रडली. फक्त कुणी विरघळलं नाही. फोंतेनची माणसं मुळात जलात्मे. आधीच्या देवीने आदिसागराची शक्ती वापरून त्यांना माणसाचं रूप दिलं, तो त्यांचा ‘अपराध’. अधिकार परत मिळालेल्या नव्हिलेटने तो माफ केला आणि सगळे खरोखरचे माणूस झाले. लोक होड्यांवर, छपरांवर, ओले, जिवंत. फसवलं कुणाला, तर भाकिताला. पाचशे वर्षं.

हे संपलं तेव्हा साडेतीन वाजले होते. बाहेर नरकासुर पेटवायची तयारी. मी जाऊन उभी राहिले. आमचे जुने पेपर, त्यांतले जाहिराती नि अग्रलेख, मिनिटभरात उजळले आणि गेले. वरून मोपाला उतरणारं एक विमान धुरातून गेलं. घरी येऊन आंघोळ, तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं, मग फोव, म्हणजे पोहे: दुधातले, रसातले, ताकातले. मी ताटावर बसल्या बसल्या पेंगत होते. आईने विचारलं, "जिंकलीस का?" तिला मी हो म्हटलं.

सकाळी अकराला उठून साठवलेले प्रिमोजेम, म्हणजे गेममधले मौल्यवान दगड, फुरिनाच्या बॅनरवर, म्हणजे तिच्या नावाच्या सोडतीवर, उधळले. एका विशला, म्हणजे एकदा नशीब आजमावायला, १६०, आणि सर्व्हर बंद ठेवल्याबद्दल मिळालेले ३०० म्हणजे दोन विशसुद्धा नाहीत. सोनेरी उजेड पडला. चीची आली. पन्नास-पन्नासचा जुगार हरला की मिळणारी ती बारकी वैद्यबाई. माझ्याकडे ती आता तिसऱ्यांदा आहे. फुरिना त्यानंतर पंधरा दिवसांनी मिळाली. त्यात रोजच्या कामांचे किती दगड गोळा केले ते सांगत बसत नाही.

पण ती मिळण्याआधीच तिची स्वतःची छोटी कथा खेळले. त्या कथेला तेव्हा एक किल्ली लागायची, आणि आठ डेली कमिशन, म्हणजे गेममधली रोजची छोटी कामं, केल्यावर एक किल्ली मिळायची; माझ्याकडे होती. सोमवारची रात्र. फुरिनाने राजवाडा सोडलाय. शहरात साधी खोली घेऊन राहतेय. एक हौशी नाटकमंडळी तिच्या दारात येते, नाटक बसवून द्या म्हणून. ती नाही म्हणते. पुन्हा रंगमंचावर पाय ठेवणार नाही म्हणते. बाबा खुर्ची पुढे सरकवून बसले, चष्मा लावला. ती तालमीला जाते, लांबून सांगते, मग जवळून सांगते. बाबा हसले. तसं त्यांचंही सध्या चालू आहे. मंडळींनी बोलावलं तर "फक्त बघायला" जातात आणि रात्री अकराला येतात. शेवटी प्रसंगच असा येतो की मुख्य भूमिकेत तिलाच उभं राहावं लागतं, आणि ती गाते. देवी म्हणून नाही, नटी म्हणून.

पण बाबांना लक्षात राहिलं ते याच्या आधीचं. तिच्या खोलीतलं. आपण भेटायला जातो तेव्हा कळतं की ही बाई, जिच्यासाठी पाचशे वर्षं केक येत होते, आता घरी मॅकरोनी उकडून खातेय. मी ते वाक्य मराठीत सांगितलं आणि पुढे सरकवायला बटणावर बोट ठेवलं.

"थांब," बाबा म्हणाले. "मॅकरोनी म्हणजे?"

"शेवयांसारखं असतं. जाड. पोकळ."

"स्वतः करते?"

"हो."

बाबांनी मान हलवली. "मग ठीक आहे. जेवली म्हणजे." आणि उठून झोपायला गेले. गाणं त्यांनी दुसऱ्या दिवशी ऐकलं.